जालन्यातलं अँबेसिडरच्या जुन्या स्पेअरचं दुकान आणि माझ्या १९६५ च्या एमजीबीचं डिस्ट्रिब्युटर

आधीच सांगतो, रिव्ह्यू एका दुकानाचा आहे पण त्यात पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, कॉईल या सगळ्याचं पण येणार (कॉईल ठिणगीसाठी जोराचा करंट बनवते, पॉइंट उघडझाप करून तो सोडतात, कंडेन्सर पॉइंटना जळू देत नाही, रोटर आणि कॅप तो एकेका प्लगला वाटतात, आणि कॉईल सोडून हे सगळं ज्यात बसतं ते डिस्ट्रिब्युटर), कारण स्पेअरचं दुकान चांगलं का वाईट हे माल गाडीत बसवून आपल्याकडचा एक उन्हाळा काढल्याशिवाय कळतच नाही. माझा तो उन्हाळा आता काढून झालाय, म्हणून लिहितोय.

गाडी १९६५ ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, उघड्या टपाची, १७९८ सीसी. पुण्यातल्या एका घरातून घेतली त्याला नऊ वर्षं झाली. संभाजीनगरला आणली तेव्हा डिस्ट्रिब्युटर मूळचंच होतं, लुकास कंपनीचं २५डी४ मॉडेल, बॉडीवर ४०८९७ हा नंबर ठोकलेला आणि त्याच्याजवळ आठवडा आणि साल, म्हणजे ते फॅक्टरीत कधी बनलं ते. हा नंबर मला पाठ आहे आणि ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याने पण पाठ करावा, का ते पुढे येईलच.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये बायकोला घेऊन सकाळी वेरूळला निघालो. दौलताबादपर्यंत गाडी एकदम मस्त, किल्ल्याजवळची वेस ओलांडली आणि खुलताबादच्या चढाला लागलो तर आधी एक झटका, मग दोन, मग मिसिंग सुरू आणि अर्ध्या चढात गाडी बंद. बॉनेट उघडलं, पेट्रोल येतंय, वायरी सगळ्या जागेवर. लिंबाखाली बसलो अर्धा तास आणि मग एका सेल्फमध्ये गाडी चालू! परत पाच किलोमीटरवर तेच. ज्यांच्याकडे पॉइंटवाली गाडी आहे त्यांना एवढ्यावरूनच कळलं असेल की गरम झाल्यावर काहीतरी मरतंय आणि थंड झालं की जिवंत होतंय, आणि असं वागणारी दोनच माणसं असतात, कंडेन्सर नाहीतर कॉईल.

आता यात माझी चूक काय होती ते सांगतो. त्याच्या दोन महिने आधी मी ऑनलाइन एक अख्खा ट्यून-अप किट (पॉइंट, कंडेन्सर, रोटर) मागवला होता. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. हिरवा डबा, त्यावर जुन्या पद्धतीची अक्षरं, लिहिलेलं की अगदी त्या काळासारखे पार्ट. मला वाटलं डबा जुना दिसतोय म्हणजे माल पण त्याच जातीचा असणार. पण बर्मिंगहॅमची जी मूळ लुकास कंपनी होती ती १९९६ मध्ये व्हॅरिटी या कंपनीत विलीन झाली आणि १९९९ मध्ये टीआरडब्ल्यूने ती घेतली, त्यामुळे आज डब्यावर लुकास छापलंय एवढ्यावरून आतला माल कुणी कुठे बनवला हे अजिबात कळत नाही. नाव वापरायचा परवाना वेगळा आणि बनवणारा हात वेगळा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी टो करून उस्तादकडे नेली. उस्ताद म्हणजे आमच्या शहरातले जुने मेकॅनिक, वय सत्तरच्या पुढे, तरुणपणी अँबेसिडर आणि लँडमास्टरवर हात साफ केलेला. त्यांनी कॅप उघडली, फिलर गेज घातलं आणि मला बोलावून दाखवलं. मी पॉइंटचा गॅप पंधरा थाऊ ठेवला होता (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पंधरा म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर, मॅन्युअलमध्ये चौदा ते सोळा दिलंय) तो तीनशे किलोमीटरमध्ये आठ थाऊवर आला होता. पॉइंटचं जे टाचेसारखं टोक कॅमवर, म्हणजे शाफ्टच्या फिरणाऱ्या कोनांवर घासतं ते एवढ्या मऊ प्लास्टिकचं होतं की झिजून गेलं. टाच झिजली की गॅप मिटतो, गॅप मिटला की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे जातं, मग गाडी चढाला दम सोडते आणि जास्त तापते. मला वाटत होतं ऊन वाढलंय म्हणून तापतेय.

मग रोटर तपासला. याची पद्धत सगळ्यांनी शिकून घ्यावी, साधन काही लागत नाही. कॉईलची मधली जाड वायर कॅपमधून काढायची, इन्सुलेटेड पकडीत धरून रोटरच्या मधल्या पितळेपासून चार-पाच मिलिमीटर लांब ठेवायची आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. रोटर चांगला असेल तर ठिणगी पडायला नको, कारण रोटरच्या पोटातून खाली शाफ्टपर्यंत करंटला वाटच नसते. आमच्या रोटरवर टकटक ठिणग्या पडत होत्या. म्हणजे प्लगला जाणारा करंट रोटरच्या प्लास्टिकमधूनच शाफ्टला उतरत होता. आजकालच्या बऱ्याच रोटरमध्ये पितळेची पट्टी रिव्हेटने मारलेली असते, त्या रिव्हेटचं टोक खालच्या बाजूला शाफ्टच्या जवळ येतं आणि वरून काळ्या प्लास्टिकमध्ये कार्बन जास्त, मग करंटला तीच सोपी वाट मिळते. कंडेन्सरला हेअर ड्रायरने गरम केलं तर मीटरवरचा आकडा खाली खाली जायला लागला. थोडक्यात किटमधल्या तीन वस्तूंपैकी तिन्ही गेलेल्या.

उस्ताद म्हणाले, "भाई, नया माल नक्को. अँबेसिडरवाला पुराना लाओ, जालने में मिलता."

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण मला वाटतं आपल्या देशात ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी सांभाळणाऱ्याच्या हातातला हुकमाचा पत्ता हाच आहे. आपली अँबेसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३, आणि तिच्यात पुढे जे १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन बसलं ते बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज. एमजीबीच्या आधीच्या एमजीएमध्ये १९५५ ला जे १४८९ सीसी आलं ते पण बी सिरीज, आणि १९६२ पासून १९८० पर्यंत इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनमध्ये ज्या पाच लाखांवर एमजीबी बनल्या त्यांचं १७९८ सीसी सुद्धा त्याच घराण्यातलं. इंजिन एका घरातलं, आणि डिस्ट्रिब्युटर पण लुकासचंच. वर १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस सुरू झाली, म्हणजे पॉइंट, रोटर, कंडेन्सर, कॉईल इथेच बनायला लागले आणि ते सुद्धा लुकासच्याच ड्रॉइंगवर. इंग्लंडमधला माणूस जे जुन्या स्टॉकमधलं म्हणून शोधत फिरतो ते आपल्याकडे टॅक्सीचं स्पेअर म्हणून तालुक्याच्या दुकानात पडलेलं होतं. होतं म्हणतो कारण अँबेसिडर २०१४ ला बंद झाली आणि त्याच्या कितीतरी आधीपासून पेट्रोलवाल्या गाड्या डिझेलवर गेल्या, त्यामुळे पेट्रोलचं स्पेअर भंगारात निघालं किंवा गोडाऊनमध्ये विसरलं गेलं.

मग पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल का नाही टाकलं, असं मला निम्म्या लोकांनी विचारलं. दोन कारणं आहेत. एक तर माझी गाडी पॉझिटिव्ह अर्थिंगची आहे, म्हणजे बॅटरीचं अधिकचं टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं, एमजीबीला निगेटिव्ह अर्थिंग १९६७ मध्ये आलं, आणि सहज मिळणारे मॉड्यूल बहुतेक निगेटिव्हचे, चुकून लावला तर त्याच क्षणी जळतो. दुसरं म्हणजे या गाडीचा स्मिथ्सचा टॅकोमीटर कॉईलला जाणाऱ्या पांढऱ्या वायरीवर चालतो, ती वायर मीटरच्या पाठीमागे वेटोळं घेऊन पुढे जाते आणि पॉइंट उघडझाप करतात तसे करंटचे जे धक्के बसतात त्यावरून काटा हलतो. मॉड्यूल लावल्यावर तो काटा नाचायला लागल्याचं मी एका दोस्ताच्या गाडीत बघितलंय. आणि खरं सांगायचं तर ही दोन कारणं नसती तरी मी पॉइंटच ठेवले असते. रस्त्यात बंद पडली तर एक स्क्रू ड्रायव्हर आणि काडेपेटीच्या कडेचा तुकडा असला तरी घरी पोचता येतं.

तर जालना. संभाजीनगरहून साठेक किलोमीटर. "जालना सोने का पालना" ही म्हण लहानपणापासून ऐकलीय, ती तिथल्या व्यापारासाठी, पण माझ्यासाठी त्या दिवशी खरी ठरली. दुकान जुन्या गावात, गल्ली एवढी अरुंद की चारचाकी बाहेरच लावावी लागते. दुकानाचं नाव काकांनीच, म्हणजे दुकानदारांनीच, देऊ नका म्हणून सांगितलंय, त्यांच्याकडे माल थोडा आहे आणि कुणीतरी येऊन सगळा एकदम उचलून इंटरनेटवर तिप्पट भावात विकावा हे त्यांना नकोय, मला ते पटलं म्हणून नाव देत नाही. पण जालन्यात गेलात आणि दोन-तीन जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारलंत तर पोचाल.

काउंटरवर गेलो आणि बाहेर म्हणतात तसंच बोललो की डेल्कोचे पॉइंट पाहिजेत. काकांनी चष्म्यावरून बघितलं.

"डेल्को म्हणायलात का डिस्ट्रिब्युटर म्हणायलात?"

मी म्हटलं काका, सगळे मेकॅनिक डेल्कोच म्हणतात की. तर म्हणाले, "म्हणू द्या त्यांना. डेल्को ही कंपनी हाय. तुमचं लुकास असंल तर लुकास म्हणा, नाहीतर मी देईन एक अन् तुम्ही परत याल साठ किलोमीटर." आणि बरोबरच आहे ते. सुरुवातीच्या ट्रायम्फ स्पिटफायर या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीला खरंच डेल्कोचं डिस्ट्रिब्युटर होतं, तर ट्रायम्फच्याच टीआर४ ला लुकास. दोघांचे पॉइंट एकमेकांत बसत नाहीत. म्हणून स्पिटफायरवाल्यांनी माझा हा रिव्ह्यू वाचून लगेच जालन्याला निघू नये, आधी कॅप काढून बॉडीवर काय लिहिलंय ते बघावं.

मग त्यांनी नंबर विचारला. मी ४०८९७ म्हटलं तर खूश झाले. गिऱ्हाईक गाडीचं नाव सांगतं, नंबर कुणीच सांगत नाही म्हणाले. त्यांनी मागच्या खोलीतून पत्र्याचे दोन डबे आणले, एकेक पार्ट मेणकागदात गुंडाळलेला, काहींवर अजून ग्रीसचा पिवळा थर. मी माझे जुने, फॅक्टरीपासूनचे झिजलेले पॉइंट सोबत नेले होते, ते त्यांनी काउंटरवर ठेवले आणि शेजारी आपले ठेवून भिंग घेऊन बघत बसले. टाच कशाची आहे, स्प्रिंग किती जाड, दोन्ही टोकं एकमेकांवर सपाट बसतात का तिरकी, हे सगळं त्यांनी मला न विचारता दाखवलं. सहा सेट बघितले, त्यातले दोन स्वतःच बाजूला काढले कारण स्प्रिंगवर गंज होता, म्हणाले हे मी टेम्पोवाल्याला पण देणार नाही. हे बघूनच मला दुकान आवडलं.

पॉइंट: चार सेट घेतले, १८० रुपयाला एक. लुकास-टीव्हीएसचे, मद्रासचे. टाच कडक फायबरची, तपकिरी. बसवल्यापासून अठराशे किलोमीटर झाले आणि परवा गॅप बघितला तर पंधराचा साडेचौदा झालाय. ऑनलाइन किटवाले तीनशे किलोमीटरमध्ये अर्ध्यावर आले होते, यापुढे मला काही बोलायची गरज नाही. कॅमवर ग्रीसचं बोट फिरवायला मात्र विसरू नका, कोरड्या कॅमवर फायबरची टाच पण झिजते.

कंडेन्सर: यात काका प्रामाणिक निघाले आणि माझा या दुकानावरचा विश्वास इथे पक्का झाला. मला वाटत होतं जुना म्हणजे चांगला, चार द्या. ते म्हणाले, "कंडेन्सर जुना घेऊ नका भाऊ, टेस्ट केल्याबगर तर नकाच. पॉइंट म्हणजे लोखंड हाय, पडून राहिला तरी पॉइंटच राहतो. कंडेन्सरच्या आत कागद असतो, त्यो डब्यात बसून बसून मरतो." मग ड्रॉवरमधून मीटर काढलं आणि अकरा कंडेन्सर एकेक करून तपासले. या डिस्ट्रिब्युटरला ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरड पाहिजे. अकरापैकी चार त्यात बसले, बाकीचे एकतर फार कमी नाहीतर काटा स्थिरच होईना. चारपैकी दोन घेतले, नव्वद रुपयाला एक. घरी आणून हेअर ड्रायरने गरम करून परत तपासले, एक टिकला, एक पडला. दुकानात गरम करून बघायची सोय नाही ही एक कमी आहे, आणि ती मोठी कमी आहे कारण आपल्याकडे बेचाळीस डिग्रीला बॉनेटखाली काय होतं ते थंड दुकानात कळत नाही. मी काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले पुढच्या वेळी या तेव्हा पडलेला घेऊन या, बदलून देतो.

रोटर: त्यांच्याकडे होते पण चांगले संपलेले. एक दाखवला, त्याच्या पितळेच्या टोकावर आधीच जळल्याची खूण, म्हणजे कुणीतरी वापरून परत केलेला. घेतला नाही, त्यांनी आग्रह पण केला नाही. म्हणून रोटर मी ब्रिटनहून मागवला, तिथल्या डिस्ट्रिब्युटर डॉक्टर नावाच्या विक्रेत्याचा लाल रोटर, ज्यात तो रिव्हेटच ठेवलेला नाही. रंग लाल आहे, १९६५ चा काळा किंवा तपकिरी होता, म्हणजे काटेकोर बघितलं तर हा त्या काळचा नाही. पण कॅप लावल्यावर दिसत नाही आणि ठिणगीची टेस्ट यावर केली तर एकही ठिणगी नाही. माझ्यासाठी त्या काळाला धरून असणं म्हणजे आधी त्या काळच्यासारखं चालणं, मग दिसणं. ज्यांना शोमध्ये फक्त रंगावर मार्क पाहिजेत त्यांचं मत वेगळं असू शकतं.

कॅप: ही मिळाली आणि हीच खरी लॉटरी. बाजूने वायर घुसणारी, आतून टोकदार स्क्रूने वायर पकडणारी. ही कॅप घेणाऱ्यांना एकच सांगणं, हिला तांब्याच्या तारेचीच वायर लावा. आजकाल जी कार्बनची वायर मिळते, रेडिओत खरखर येऊ नये म्हणून, तिच्यात तो स्क्रू घुसून पक्की पकड घेतच नाही, वरून सगळं नीट दिसतं आणि आत वायर आणि स्क्रू यांची भेटच होत नाही, मग माणूस आठवडाभर कार्बोरेटर उघडत बसतो. तांब्याची वायर पण काकांकडे मीटरवर मिळाली, काळी, चकचकीत. कॅपचे ६५० घेतले. महाग वाटले, पण आतला मधला कार्बनचा ठिपका आणि त्याची स्प्रिंग दोन्ही शाबूत होते आणि कुठे केसाएवढी पण चीर नव्हती, टॉर्च लावून दोघांनी बघितलं.

कॉईल: माझ्या गाडीला मूळची एचए१२, प्रायमरीचा रेझिस्टन्स ३.१ ते ३.५ ओहम. तशी एचए१२ मिळाली नाही. अँबेसिडरची एक होती, मीटर लावलं तर ३.२ आली. म्हणजे कामाला बरोबर, दिसायला डबा जरा वेगळा. जुन्या कॉईलवर एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असायचं, एक स्विचकडचं आणि एक पॉइंटकडचं, त्यात चुकायला जागा नव्हती. नंतरच्यांवर अधिक-उणे आलं. आपल्या पॉझिटिव्ह अर्थिंगच्या गाडीत उण्याचं टोक स्विचकडे आणि अधिकचं डिस्ट्रिब्युटरकडे जायला पाहिजे, म्हणजे प्लगच्या मधल्या काडीवर निगेटिव्ह येतं. मधली काडी जास्त गरम असते, तिथून ठिणगी निघायला कमी जोर लागतो. उलटं जोडलं तरी गाडी चालू होते, हीच गडबड आहे, आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. माझ्या आधीच्या मालकाने उलटंच जोडलेलं होतं, कित्येक वर्षं असणार.

एक गोष्ट मी जवळजवळ केलीच होती आणि काकांनी थांबवलं. त्यांच्याकडे अँबेसिडरचं अख्खं डिस्ट्रिब्युटर होतं, न वापरलेलं, आणि मला मोह झाला की हेच बसवून मूळचं कपाटात ठेवावं. ते म्हणाले नको. आतली वजनं आणि स्प्रिंग त्या इंजिनाप्रमाणे असतात, टॅक्सीचं इंजिन ज्या वेगाला जेवढं टायमिंग पुढे मागतं ते तुमच्या गाडीला चालणार नाही. व्हॅक्यूमच्या डब्याचं (इंजिनाच्या ओढीवर टायमिंग पुढे नेतो तो) पण तसंच. त्यावर तीन आकडे ठोकलेले असतात, समजा ५-१७-८, पहिला म्हणजे किती इंच व्हॅक्यूमला काम सुरू होतं, दुसरा म्हणजे कितीला पूर्ण होतं आणि तिसरा म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या किती डिग्री पुढे जातं, इंजिनाच्या डिग्री त्याच्या दुप्पट. वरून दिसायला सारखे डबे, आकडे वेगळे. म्हणून सुटे पार्ट अँबेसिडरचे घ्या, बॉडी, वजनं, स्प्रिंग आणि व्हॅक्यूम मात्र आपल्याच नंबरचं दुरुस्त करून वापरा. स्पेअर विकणाऱ्या माणसाने गिऱ्हाईकाला महागडी वस्तू घेऊ नको म्हणणं हे मी पहिल्यांदा बघितलं.

बसवण्याचं काम उस्तादने केलं, मी शेजारी उभा. पॉइंटच्या खांबावरचे ते छोटे इन्सुलेशनचे वॉशर कोणता खाली, कोणता वर हे त्यांनी मला दोनदा काढून घालून दाखवलं. पॉइंटची स्प्रिंग, कंडेन्सरची पट्टी आणि कॉईलकडून येणारी वायर हे तिघं एकमेकांना चिकटलेले पाहिजेत पण खांबाला कुणीच लागता कामा नये, एक वॉशर उलटा पडला की करंट बॉडीला उतरतो, म्हणजे सगळं अर्थ होतं आणि गाडी मेलेली. मग आतली ती छोटी अर्थची वायर. बेस प्लेटपासून बॉडीपर्यंत जाते, कापसाच्या विणीत गुंडाळलेली, फार लवचिक, कारण व्हॅक्यूम ओढतं तेव्हा प्लेट हलते आणि तिच्याबरोबर ही पण हलते. माझ्या गाडीत तिथे कुणीतरी साधी प्लास्टिकची वायर लावलेली होती, उन्हाने कडक झालेली, आतून निम्म्या तारा तुटलेल्या. मला आता वाटतं त्या दिवशीच्या झटक्यांत हिचा पण हात असणार. काकांकडे ती वायर होती, वीतभर, पैसेच घेतले नाहीत.

टायमिंग बल्ब लावून केलं, पिस्टन वर पोचायच्या दहा डिग्री आधी, मॅन्युअलमध्ये आहे तसं. २५डी४ वर बाजूला जो दातेरी गोल नट असतो, ए (टायमिंग पुढे) आणि आर (मागे) लिहिलेला, तो मला फार आवडतो, पंचावन्न टिकटिक फिरवलं की साधारण पाच डिग्री, म्हणजे अकरा टिकला एक. चढाला बारीक खडखड वाटली तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून पंधरा टिक मागे केलं आणि गेली. हात काळे सुद्धा झाले नाहीत.

या उन्हाळ्यात मुद्दाम त्रास दिला गाडीला. दुपारी एक वाजता पैठण, जाऊन-येऊन शंभर. कन्नडच्या पुढे औट्रम घाट उतरून चाळीसगाव आणि त्याच दिवशी चढून परत, घाटात ट्रकच्या मागे वीस मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. वेरूळ चार वेळा. एकदाही बंद नाही, एकदाही मिसिंग नाही. बायको पहिल्या दोन वेळा दौलताबादच्या वेशीजवळ आली की गप्प व्हायची, आता बोलत राहते.

दुकानाबद्दल तक्रारी पण आहेत. फोन उचलत नाहीत, उचलला तर माल आहे का हे फोनवर सांगत नाहीत, या म्हणतात. मी एकदा गेलो आणि दुकान बंद, लग्नाला गेले होते, शटरवर चिठ्ठी सुद्धा नाही. बिल मागितलं तर साध्या कागदावर लिहून देतात. ऑनलाइन पेमेंट आहे पण रेंज गल्लीत कमी येते, कॅश न्या. भाव ठरलेले नाहीत, माणूस बघून नाही पण वस्तू किती उरली ते बघून बदलतात, माझ्यानंतर आठवड्याने एक दोस्त गेला त्याला तसेच पॉइंट २२० ला मिळाले. मला हा भाव पण योग्य वाटतो, पण ठरलेला असता तर बरं. आणि कुरियर करत नाहीत. नांदेड किंवा लातूरकडून येणाऱ्याला हे फार जड जातं, एकदा विचारून बघितलं तर म्हणाले पार्ट हातात घेऊन बघितल्याशिवाय नेऊ नये आणि देऊ पण नये.

जाणार असाल तर तुमचा जुना पॉइंट, जुना रोटर आणि डिस्ट्रिब्युटरच्या नंबरचा स्वच्छ फोटो घेऊन जा. मल्टिमीटर पण न्या, काका रागावत नाहीत, उलट कौतुकाने बघतात. सकाळी अकराच्या आत गेलात तर गर्दी कमी असते आणि ते मागच्या खोलीत तुम्हाला पण येऊ देतात, तिथे एका फळीवर अजून हेराल्ड या जुन्या गाडीच्या काही गोष्टी आहेत, मी ओळखल्या त्या हेडलाइटच्या रिंग आणि एक सायलेन्सरचा पाइप, बाकी धुळीखाली काय आहे ते मला बघता आलं नाही.

मागच्या महिन्यात परत गेलो होतो, पडलेला कंडेन्सर बदलायला. काकांनी तो घेतला, मीटर लावलं, मग स्वतःच उठून चहाच्या टपरीवरून स्टीलच्या ग्लासात गरम पाणी आणलं, प्लास्टिकच्या पिशवीत कंडेन्सर गुंडाळून त्यात पाच मिनिटं बुडवला आणि परत मीटर लावलं. आकडा खाली गेला तसा माझ्याकडे बघून मान हलवली आणि डब्यातले उरलेले सगळे कंडेन्सर एकेक करून पाण्यात घालायला घेतले. मी निघालो तेव्हा तीन पास झाले होते, एक माझ्या खिशात आणि दोन वेगळ्या डबीत, डबीवर त्यांनी पेनने लिहिलं, "गरम पाण्यात पाहिलेले".